तीन दिवस सुपरवायझर, तीन दिवस टेबलावर

प्रिय ताई,

एका मोठ्या गोदामात, परत आलेल्या मालाच्या विभागात मी सात वर्षं काम करते आहे. खोकी उघडायची, माल तपासायचा, पुन्हा विकता येईल तो एकीकडे, मोडका दुसरीकडे, आणि सगळ्याची नोंद. आम्ही १४ जण आहोत. गेल्या आठवड्यात मॅनेजरनी बोलावून विचारलं, ‘अर्धवेळ सुपरवायझर होणार का?’ आठवड्यातले तीन दिवस मी सुपरवायझर, उरलेले तीन दिवस पूर्वीसारखीच टेबलावर. सुपरवायझरीच्या दिवसांना भत्ता मिळेल. दुसरे तीन दिवस सध्याचे सुपरवायझर बघतील, ते निवृत्तीला आले आहेत.

भाऊ म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही, घेऊन टाक. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, फुकटची डोकेदुखी आणि वर नाव खराब. विभागात एक काका आहेत, मला काम त्यांनीच शिकवलं. त्यांना मी ‘हे असं करा’ म्हणून कशी सांगू? मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे पूर्णवेळची जबाबदारी आत्ता नको, म्हणूनच अर्धवेळ बरं वाटतं. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. काय करू?

– टेबल नंबर सहा

*

टेबल नंबर सहा,

तुमच्या पत्रात भाऊ बोलतो, मैत्रीण बोलते, काकांची काळजी आहे. तुम्हाला स्वतःला हे काम आवडेल की नाही, हे मात्र कुठेच आलेलं नाही. ते मी नंतर विचारणार आहे. आधी ‘अर्धवेळ’ या शब्दाकडे बघू, सगळी गोम तिथेच आहे.

अर्धवेळ सुपरवायझर दोन प्रकारचे असतात. एक जण रोज चार तास येतो, चारही तास देखरेख करतो आणि घरी जातो. तास कमी, पगार कमी, पण भूमिका एकच. दुसरा पूर्ण आठवडा येतो, त्यातला काही वेळ देखरेख करतो आणि उरलेला वेळ त्याच माणसांच्या शेजारी बसून तेच काम करतो. तुमचं पद या दुसऱ्या प्रकारातलं. भाऊ सल्ला देतोय तो पहिला प्रकार डोळ्यासमोर ठेवून, ‘छोटीशी बढती’ समजून. या पदावर दर आठवड्याला एकदा वर चढायचं असतं आणि एकदा खाली उतरायचं असतं. चढायला काही वाटत नाही. उतरताना पाय लटपटतात.

हे ऐकीव नाही सांगत. तिशीत असताना मी एका छापखान्याच्या बांधणी खात्यात होते आणि दीड वर्ष नेमकं हेच पद सांभाळलं. सोमवार ते बुधवार दुपारपर्यंत सुपरवायझर, नंतर टेबलावर घड्या घालायला. पहिल्याच महिन्यात, एका मंगळवारी, एक बाई ४० मिनिटं उशिरा आल्या. मी नियमाप्रमाणे हजेरीपटावर वेळ लिहिली. गुरुवारी मी त्यांच्याच शेजारी बसून घड्या घालत होते. त्या भांडल्या नाहीत, अबोलाही धरला नाही. छान हसून बोलल्या, पण फक्त टीव्हीवरच्या मालिकेबद्दल. त्यानंतर खात्यातल्या प्रत्येकीने माझ्यासाठी एक एक मालिका राखून ठेवली असावी, असंच वाटायला लागलं. कुणाचा नवरा आजारी आहे, कोण दुसरीकडे नोकरी बघतंय, कोणतं यंत्र कुरकुरतंय, यातलं काहीही माझ्या कानावर येईना. शिलाई यंत्राची तार सरकते आहे हे टेबलावर आठवडाभर सगळ्यांना माहीत होतं. मला कळलं ते शेकडो प्रती उसवून पुन्हा शिवायची वेळ आली तेव्हा.

दुसरा त्रास याहून बारीक, पण रोजचा. गुरुवारी एखादा उलटा लागलेला फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा संच, डोळ्यांसमोरून गेला, तर काय करायचं? बोलले तर ऐकायला मिळायचं, ‘आज तुझा दिवस नाही.’ गप्प बसले तर सोमवारी मॅनेजर विचारणार, ‘तू तिथेच बसली होतीस ना? दिसलं नाही?’ भत्ता अडीच दिवसांचा होता, डोळे मात्र आठवडाभर उघडे ठेवायचे. घरी गेल्यावरही ते मिटायला वेळ लागायचा.

माझ्या खात्यातल्या बायका कोत्या मनाच्या होत्या, असं मात्र समजू नका. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनची उपकरणं बनवणारा. तिथे १९३१-३२ मध्ये संशोधकांनी कामगारांची एक तुकडी वेगळ्या खोलीत बसवली आणि काही महिने नुसतं निरीक्षण केलं. माणसं किती होती सांगू? १४. नऊ वायर जोडणारे, तीन सोल्डर करणारे, दोन तपासनीस. या १४ जणांनी आपसात न बोलता काही नियम ठरवून टाकले होते. फार जास्त काम करायचं नाही, फार कमीही नाही. (जास्त करणाऱ्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा हाणायचे, तोही नियमातच बसायचा.) सोबत्याला अडचणीत आणेल असं काही वरिष्ठांच्या कानावर घालायचं नाही. आणि तुमच्या कामाचा नियम असा, की तपासनीस असलास तरी तपासनिसासारखं वागायचं नाही. एका तपासनिसाला हे जमलं, तो त्यांच्यातलाच होऊन राहिला. दुसऱ्याला जमलं नाही. त्याला सगळ्यांनी इतकं हैराण केलं की शेवटी त्याला तिथून हलवावं लागलं.

तुमच्या १४ जणांतही असे नियम असणारच. सात वर्षं तुम्ही ते पाळलेत, एखाददुसरा तुम्हीच पाडलाही असेल. आता आठवड्याचे तीन दिवस ते मोडायचे आणि पुढचे तीन दिवस पुन्हा पाळायचे, असा हा मामला आहे. मैत्रीण ‘नाव खराब’ म्हणते ते याच अर्थाने, आणि तिचं चूक नाही.

पैशांचं बघू. भत्त्याचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा, तुमची आठ तासांची एका दिवसाची मजुरी १००, म्हणजे तासाला साडेबारा. सुपरवायझरीच्या दिवशी १५ टक्के भत्ता धरला, तर तीन दिवसांचे ४५ झाले. सहा दिवसांच्या ६०० वर ४५, म्हणजे साडेसात टक्के वाढ. ऐकायला बरी. आता दुसरी बाजू. सुपरवायझरला शिफ्टच्या आधी येऊन ताबा घ्यावा लागतो आणि नंतर थांबून अहवाल लिहावा लागतो. हे दिवसाला पाऊण तास धरा, तेही सहसा बिनपगारी. आठवड्याचे सव्वादोन तास गेले. शिवाय पुष्कळ ठिकाणी सुपरवायझर झालं की ओव्हरटाइम बंद होतो, किंवा निदान आधी इतरांना मिळतो. आत्ता तुम्ही आठवड्याला दोन तास ओव्हरटाइम दीडपट दराने करत असाल, तर त्याचे साडेसदतीस होतात. ते गेले, तर ४५ मधून हातात उरले साडेसात. तास मात्र कमी झाले नाहीत: ओव्हरटाइमचे दोन गेले, बिनपगारी सव्वादोन आले. साडेसात टक्क्यांची वाढ आली सव्वा टक्क्यावर!

हे आकडे माझे, उदाहरणापुरते. तुमचे वेगळे असतील, कदाचित पुष्कळ चांगलेही असतील. पण हिशोब याच पद्धतीने करा आणि गेल्या सहा महिन्यांचा ओव्हरटाइम पगाराच्या चिठ्ठ्यांवरून बघा, आठवणीवरून नको. चार वर्षांच्या मुलीला घ्यायला वेळेवर पोहोचायचं असेल, तर तो पाऊण तास पैशांपेक्षा महाग पडेल. अर्धवेळ पदाने तुम्हाला मोकळा वेळ मिळणार आहे असं तुमच्या पत्रातून वाटतं. या प्रकारात एक मिनिटही मोकळं होत नाही. तास तेवढेच राहतात, वर थोडे वाढतात.

कायद्याची बाजू रुक्ष आहे, पण एकदा वाचाच. सुपरवायझर नक्की कुणाचा, कामगारांचा की मालकाचा, हा वाद फार जुना आहे. अमेरिकेत १९४१ मध्ये डेट्रॉइट भागातल्या मोटार कारखान्यांतल्या फोरमननी, म्हणजे तिथल्या सुपरवायझरनी, स्वतःची संघटना काढली, कारण दोन्हीकडून मार त्यांनाच बसत होता. मार्च १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅकार्ड मोटार कंपनीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की फोरमनलाही संघटनेचा हक्क आहे. तो आनंद जूनपर्यंत टिकला. जूनमध्ये टाफ्ट-हार्टली कायदा आला आणि त्याने सुपरवायझरला ‘कर्मचारी’ या व्याख्येतूनच वगळलं. भारतातला औद्योगिक विवाद कायदाही १९४७ चाच. देखरेखीचं काम करणारा माणूस पगाराच्या एका मर्यादेपुढे गेला की त्या कायद्यात तो ‘कामगार’ राहत नसे. मात्र पदाची पाटी काय म्हणते यापेक्षा माणूस मुख्यतः कोणतं काम करतो, हे न्यायालयं बघत आली आहेत.

अर्ध्या सुपरवायझरचं काय, हा प्रश्नही येऊन गेला आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळापुढे ओकवुड हेल्थकेअरच्या रुग्णालयातल्या परिचारिकांचं प्रकरण आलं. काही जणी कायमच्या प्रभारी, म्हणजे इतर परिचारिकांवर देखरेख करणाऱ्या होत्या, काही जणी आळीपाळीने. मंडळाने दोन गोष्टी बघितल्या. देखरेखीची पाळी ठरलेल्या क्रमाने येते का, आणि एकूण वेळेतला बऱ्यापैकी वाटा तिच्यात जातो का. आधीच्या प्रकरणांत १० ते १५ टक्के वेळसुद्धा पुरेसा धरला गेल्याचं मंडळाने नोंदवलं. आळीपाळीने प्रभारी होणाऱ्या परिचारिका सुपरवायझर ठरल्या नाहीत, कारण त्यांच्या पाळीला ठरलेला क्रमच नव्हता. तुमचे तीन दिवस म्हणजे ५० टक्के, आणि तेही ठरलेले.

कायदा देशागणिक वेगळा, आणि तुम्हाला काही खटला लढायचा नाही. पण मनुष्यबळ विभागात जाऊन विचारा: हे पद घेतल्यावर मी संघटनेची सभासद राहू शकते का? ओव्हरटाइम आणि बोनस कोणत्या नियमाने मिळेल? माणसं कमी करायची वेळ आली, तर माझी सात वर्षांची ज्येष्ठता टेबलावरच्या यादीत धरणार की दुसऱ्या? ‘बघू, काही अडचण येणार नाही’ असं उत्तर आलं, तर अडचण येणार आहे असं समजा.

‘मुकादम’ हा आपला जुना शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ, पुढे केलेला. मला हा अर्थ फार नेमका वाटतो. पुढे केलेल्या माणसाने निदान आपल्या हातात काय दिलंय एवढं बघून घ्यावं. रजा तुम्ही मंजूर करू शकता, की नुसता अर्ज वर पाठवायचा? कुणाचं टेबल बदलायचं तर विचारावं लागतं का? फुटकी काच भरलेलं खोकं आलं आणि हातमोजे संपलेत, तर काम थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे का? या तिन्हींना उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही सुपरवायझर नाही, निरोप्या आहात. निरोप्याच्या कामात वाईट काही नाही, पण अपघात झाल्यावर कागदावर सही निरोप्याची मागतात. ते मला पटत नाही.

आणि एका माणसाचा तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उल्लेख केलाय, त्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला असता. दुसरे तीन दिवस बघणारे ते सुपरवायझर. या पदात तुमची खरी सोयरीक त्यांच्याशी जुळते आहे. दोन अर्धे सुपरवायझर असले की विभागाला आठवड्याभरात कळतं, कोण कडक आणि कोण मऊ. मग रजेचे अर्ज मऊ माणसाच्या दिवशी येतात आणि अवघड खोकी कडक माणसाच्या दिवसापर्यंत कोपऱ्यात थांबतात. माझ्या जोडीला जे होते, ते त्यांच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना खुश करून जायचे, आणि सोमवारी सकाळी शिलकी कामाचा ढीग माझी वाट बघत असायचा. मी त्यांच्यावर चिडायचे. खरी चूक माझी होती. पद घेण्याआधी मी त्यांच्याशी एकदाही बसून बोलले नव्हते.

तेव्हा मॅनेजरला उत्तर देण्याआधी त्या गृहस्थांबरोबर एक तास बसा. उशीर किती मिनिटांनंतर लिहायचा, एका दिवशी किती जणांना रजा, शिल्लक माल पुढच्या माणसाकडे देताना काय लिहून ठेवायचं, एवढं ठरवा. एक ताबावही असू द्या, दोघांनी लिहायची. तोंडी निरोपावर भिस्त ठेवू नका. ते निवृत्तीला आलेत, हेही ध्यानात घ्या. ते गेल्यावर त्यांचे तीन दिवस कुणाकडे जाणार? बहुतेक तुमच्याकडेच. मॅनेजरच्या मनात हे आत्तापासूनच असेल, तर तुम्हाला अर्धवेळ म्हणून जे दिलं जातंय ते पूर्णवेळाचं पहिलं पाऊल आहे. मुलगी लहान असताना तुम्हाला जे नको आहे तेच. सरळ विचारा.

एवढं वाचून तुम्ही ‘नको’ लिहायला बसला असाल तर थांबा. मी ते दीड वर्ष पुन्हा मिळालं तर घेईन.

टेबलावर असताना मला फक्त माझी घडी दिसायची. सुपरवायझर झाल्यावर पहिल्यांदा कळलं की माझ्या टेबलावर कागद उशिरा का येतो, कापणीवाल्यांची काय अडचण असते, आणि आम्ही ‘ऑफिसवाल्यांचा मूर्खपणा’ म्हणायचो त्यातल्या निम्म्या गोष्टींना कारण असतं. उरलेला निम्मा मूर्खपणाच असतो, तेही आतून बघितल्यावर खात्रीने सांगता येतं. कोण कोणत्या कामात चांगलं आहे हे बघून १४ जणांना सकाळी सात मिनिटांत कामाला लावणं, हे एक कसब आहे आणि ते कुठल्याही वर्गात बसून येत नाही. झालेला प्रकार कुणावर दोष न ढकलता चार ओळींत लिहिणं, हे दुसरं. ही दोन्ही पुढच्या प्रत्येक नोकरीत माझ्या कामी आली. हात टेबलावर चालत राहिल्याने आणखी एक फायदा झाला. टार्गेट वाढवायची गोष्ट निघाली की मी सांगू शकायचे, ‘परवाच मी स्वतः बसले होते, तासाला एवढंच होतं.’ केबिनमधल्या सुपरवायझरला हे वाक्य बोलता येत नाही, आणि बोललं तर कुणी ऐकत नाही.

शिवाय ही एक स्वस्तातली चाचणी असते. पूर्ण सुपरवायझर होऊन मग हे आपलं काम नव्हे असं कळलं, तर परतीची वाट अवघड. इथे तुम्ही पाण्यात पाय घालून बघू शकता. मात्र पाय काढून घेता आला पाहिजे, आणि ते आधी ठरलं पाहिजे.

आता माझं मत. पद घ्या, पण तीच १४ माणसं दोन्हीकडे ठेवू नका. मॅनेजरला सांगा, तीन दिवस मी परत आलेल्या मालाच्या विभागाची सुपरवायझर होते, उरलेले तीन दिवस मला दुसऱ्या विभागात टेबल द्या. पॅकिंग असो, आवक असो, काहीही चालेल. किंवा उलट करा. तुमचं सहा नंबरचं टेबल ठेवा आणि सुपरवायझरी दुसऱ्या विभागाची घ्या. तिथे काका नाहीत, मैत्रीण नाही, आणि मंगळवारच्या नोंदीचा गुरुवारी हिशोब मागणारं कुणी नाही. नवं काम शिकायला महिनाभर त्रास होईल, तो परवडतो. तेवढ्या मोठ्या गोदामात हे जमण्यासारखं असतं, फक्त कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही. आमच्या छापखान्यात मी मागितलं नव्हतं. माझ्यानंतर आलेल्या मुलीने मागितलं, आणि तिला दोन दिवसांत मिळालं. मला त्याचा अजून थोडा राग आहे.

हे अगदीच शक्य नसेल, तर निदान दिवस एकाआड एक नकोत. सलग तीन आणि सलग तीन हवेत, मध्ये सुट्टी पडली तर उत्तमच. आणि टेबलाच्या दिवशी तुम्ही सुपरवायझर नाही, हे मॅनेजरनी सगळ्यांसमोर सांगायला हवं, तुमच्यासमोरही. त्या दिवशीच्या चुकीबद्दल तुम्हाला कुणी विचारायचं नाही. माणसाला इजा होणार असेल तेवढं सोडून, त्या दिवशी तुम्ही टोकायचं नाही. हे तीन महिन्यांसाठी असावं. ते संपल्यावर तुम्हाला किंवा त्यांना नको वाटलं, तर तुमची शिफ्ट, ज्येष्ठता आणि ओव्हरटाइमचा नंबर जसाच्या तसा परत. पत्रावर तारीख आणि सही. नुसता ईमेल आला तरी चालेल, पण लेखी हवं.

मैत्रिणीचा प्रश्न यानंतर बराच हलका होतो, संपत मात्र नाही. तिला एक गोष्ट सांगून ठेवा: ‘कुणाची रजा कशासाठी, कुणाचा पगार किती, कुणाविरुद्ध तक्रार आली, हे तू मला विचारायचं नाहीस आणि मी सांगायचं नाही. बाकी आपलं जसं आहे तसं.’ तिला लागेल. आठवडाभर फुगून बसेल. पण तुम्ही हे बोलला नाहीत, तर पहिल्याच महिन्यात ती सहज काहीतरी विचारेल, तुम्ही सहज उत्तर द्याल, आणि ते कुणाच्या तरी कानावर जाईल.

काकांची मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही. मोठ्या माणसाला ‘असं करा’ सांगणं अवघड असतं, ‘हे कसं करूया?’ विचारणं सोपं असतं, आणि ज्याने तुम्हाला काम शिकवलं त्याला विचारण्यात खोटेपणाही नाही. त्यांना आजवर कुणी हे पद दिलं का, हे मात्र शोधून काढा. दिलं नसेल तर का नाही? त्यांनीच नाकारलं असेल तर गोष्ट वेगळी. मागितलं आणि मिळालं नाही असं असेल, तर तुमच्या गोड बोलण्याने ते दुखणं जाणार नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल काही लिहायची वेळ आली तर ते तुम्ही लिहू नये, दुसऱ्या सुपरवायझरनी लिहावं, हेही आधी ठरवून घ्या.

सुरुवातीला म्हटलं होतं तो प्रश्न. डोळे मिटून तुमचा विभाग आठवा. गेल्या वर्षभरात ‘हे खोकं इथे का ठेवतात, नोंद आधी का नाही करत, मी असते तर…’ असं तुमच्या मनात किती वेळा आलं? हे वाचतानाच दोन-तीन गोष्टी झरझर आठवल्या असतील, तर तुम्ही मनातल्या मनात हे काम सुरू केलेलंच आहे. भत्ता थोडा कमी असला तरी तुम्हाला ते आवडेल. काहीच आठवलं नाही, आपलं टेबल नीट चाललं की बास असं वाटत असेल, तर मॅनेजरला धन्यवाद देऊन नाही म्हणा. सात वर्षं एक टेबल चोख सांभाळणं हेही सोपं नसतं, आणि त्यासाठी भावाची परवानगी लागत नाही.

महिनाअखेरपर्यंत थांबू नका. सोमवारीच मॅनेजरकडे दुसऱ्या विभागाची आणि लेखी तीन महिन्यांची गोष्ट काढा. ते ‘विचार करतो’ म्हणाले तर त्यांना वेळ द्या. ‘तुम्ही आधी सुरुवात तर करा’ म्हणाले तर करू नका. आणि गोष्ट ठरली, तर सूचना फलकावर कागद लागायच्या आधल्या संध्याकाळी काकांना गाठून तुम्ही स्वतः सांगा.